मिठाचा मोदक

आमच्या मजल्यावरची जानकी परब करंजीसुद्धा मोडून, आत बघून खाते. समोसा असो, कचोरी असो, नाहीतर लग्नातला गुलाबजाम, आधी त्याचे दोन तुकडे, मग चष्मा पुढे ओढून तपासणी. मुलुंडला राहायला आलो तेव्हापासून आम्ही समोरासमोर आहोत, पण तिने माझ्या घरचा एकही पदार्थ सरळ तोंडात टाकलेला नाही. पूर्वी मला याचा राग यायचा. अजूनही येतो.

“कुंदा, बंद तोंडाच्या वस्तूचो काय भरवसो?” हे तिचं पालुपद. तिच्या नवऱ्याच्या, लवूच्या कापडगिरणीवर एक दिवस ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली. लवू बिचारा रोज दारापर्यंत जाऊन यायचा. दार काही उघडलं नाही, लवूही त्याच धसक्यात गेला. तेव्हापासून ही दुधाची पिशवी वास घेऊन घेते आणि गॅसचं सिलिंडर हलवून बघते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे मला कळतं. पण ही पाणीसुद्धा फुंकते!

गेल्या वर्षी तिच्या मुलाचा, प्रीतमचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला. मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. जानकीने मिठाची संकष्टी धरली. दिवसभर उपास करायचा, चंद्र उगवला की एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवायचा. त्यातल्या एकाच मोदकात खोबऱ्याऐवजी मीठ भरलेलं असतं. मोदक खात जायचे, आणि मिठाचा दाताखाली आला की तिथेच हात धुवायचा. भाग्यात असेल तर पोट भरतं, नाहीतर अर्धपोटी उठायचं. कुठला मोदक कधी यावा हे देवाने ठरवायचं.

अडचण एकच होती. जानकीचे अंगठे आखडलेत, तिला कळ्या पाडता येत नाहीत. आणि कळ्या पाडाव्यात तर तिच्या सुनेने, सपनाने. प्रीतमची नोकरी गेल्यापासून सपना संध्याकाळी नाहूर स्टेशनबाहेर मोमोची गाडी लावते. तिच्या बोटांत मोमो असा फिरतो की बघत राहावं. पण सपनाचं माहेर बौद्ध, तिकडे गणपती नाही. तिने सासूला स्पष्ट सांगितलं, “आई, मी हात जोडणार नाही. मोदक मात्र करून देईन, अगदी मनापासून.”

मला ते सरळ वाटलं. जानकीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पहिल्या संकष्टीला दुसऱ्याच मोदकात मीठ लागलं आणि ती उपाशी उठली. त्यानंतर मात्र दर महिन्याला मीठ लागायचं ते दहा-बारा मोदक पोटात गेल्यावर.

“देवाच्या मनातला असता तर परत एकदा तरी आधी इला असता,” ती मला म्हणाली. “हेच्यात कायतरी आसा. व्रत फुकट गेला तर माझ्या झिलाच्या पायाचा काय?”

“मग विचार ना तिला.”

“चोराच्याच हातात जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि चोराकच विचारू?”

मी चिडले. म्हटलं, “चोर काय म्हणतेस गं तिला? तुझं घर चालवते ती!” त्यावर तिने खिडकीबाहेर बघितलं. लाज वाटली की ती खिडकीबाहेर बघते. पण संशयाला औषध नाही.

असल्या बंद वस्तूंत काय काय लबाडी चालते ते बघायचं म्हणून तिने मोमो खायचं ठरवलं. सुनेच्या गाडीवर अर्थातच नाही. मला बरोबर घेतलं, आणि मी खाण्याला कधी नाही म्हटलेलं नाही.

मुलुंड स्टेशनबाहेरच्या गाडीवर तिने प्लेटमधला एकूण एक मोमो चमच्याने फोडला. आत कोबी. “कोबीच,” ती म्हणाली, झडतीत काही न सापडलेल्या हवालदारासारखी. मी तिखट लाल चटणीबरोबर तिचे फोडलेले तुकडेही संपवले. मग घाटकोपरच्या खाऊगल्लीत पनीर निघालं, मका निघाला, एकात तर चॉकलेट. “मोदकाक नावां ठेवतत आणि ह्यां खातत!” असं म्हणून तिने तो गुपचूप संपवला.

शेवटी माझ्या भाचीने, अक्षताने, आम्हाला अंधेरीच्या एका एसी हॉटेलात नेलं. तिथे मोमोला डिमसम म्हणतात आणि ते बांबूच्या टोपलीत झाकून येतात. झाकण उघडलं तर एकाच्या डोक्यावर गाजराचा कण, एकावर हिरवा ठिपका, एकाची शेंडी पिळलेली. जानकीने वेटरला हाताने थांबवलं. “हे ठिपके कित्याक?”

वेटर आपला मराठी निघाला. म्हणाला, “मावशी, आत काय भरलंय ते बाहेरून कळायला नको का? सगळीकडे करतात. गाडीवरसुद्धा व्हेज वेगळ्या घडीचे, चिकन वेगळ्या.”

जानकीने चमचा खाली ठेवला. त्यानंतर ती काही खायला तयार होईना. मला तिथेच भीती वाटायला लागली.

पुढच्या संकष्टीला तिने मला मुद्दाम बोलावलं, साक्षीदार म्हणून. चंद्र दिसला, आरती झाली, सपनाने ताट आणून ठेवलं. प्रीतम काठी भिंतीला लावून खुर्चीत बसला होता. जानकीने चष्मा पुसला. वरचे मोदक बाजूला सारत ती खाली खाली गेली आणि एकाशी थांबली. त्याची शेंडी किंचित पिळलेली होती.

“आई, वरचा घ्या ना,” सपना घाईने म्हणाली. “तो गरम आहे.”

जानकीने तोच पिळलेला उचलला आणि चावला. तोंड वाकडं झालं तरी डोळे चमकले. “गावली! खूण गावली माका! मीठ!”

“करते खूण,” सपना म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. “पहिल्या वेळी उपाशी उठलात आणि मोरीत चक्कर येऊन पडलात. यांना तर खाटेवरून उठताही येत नव्हतं. मी एकटीने तुम्हाला ओढत बाहेर आणलं. वाटलं, गेल्या आई. मीठ मी एकदाही चुकवलं नाही, शपथेवर सांगते. ते ताटात कुठे ठेवायचं, एवढंच माझ्या हाताने ठरवलं.”

नियम नियमच, जानकीला हात धुवावा लागला. दिवसभराचा उपास आणि पोटात फक्त मिठाचा घास. प्रीतम उठला आणि आईला पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला. काठी भिंतीशीच राहिली. जानकी त्याच्या पायाकडे बघत होती. सपना ताट उचलून आत गेली आणि तिथे रडली. जानकीलाही ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला खूप बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर न बघता.

परवा पुन्हा संकष्टी झाली. मी न बोलावता गेले. सपनाने ताट आणलं, पण यावेळी ते जमिनीवर ठेवून ती लांब उभी राहिली. मोदक तिने रचले नव्हते, त्यांच्याकडे बघितलंही नाही. जानकी पाटावर बसली. मग तिने नाकावरचा चष्मा काढला, घडी घातली आणि सुनेच्या हातात दिला. चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूससुद्धा धड दिसत नाही.

“बघतंस काय?” ती म्हणाली. “नेहमीसारखा लाव ताट. आणि तूच एकेक वाढ.”