डोळे मागणारी धुरपता

मेलेल्या माणसाचे डोळे मागायचं काम आमच्या दवाखान्यात धुरपताबाईच्या गळ्यात पडलं, कारण ते करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. वर्ध्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि धुरपता आया. मेलेल्याच्या बुबुळावरचा पडदा काढून आंधळ्याच्या डोळ्याला लावायची विद्या डॉक्टरसाहेब मुंबईहून शिकून आले होते. शिकून आले खरे, पण रडणाऱ्या नातेवाइकांपुढे उभं राहिलं की त्यांची बोबडी वळायची. मग हाक यायची, "धुरपता, तू विचार."

ती विचारायची आणि शिव्या खायची. पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल, असं लोक म्हणायचे. एकाने तर चप्पल उगारली. "लोकायचं माणूस जाते अन् मले भीक मागा लागते," ती मला म्हणायची. वर्षभरात बाई पार थकून गेली होती. बोलून भागत नाही म्हटल्यावर तिने आपलीच एक रीत काढली. नातेवाइकाला ती सरळ वॉर्डात न्यायची आणि वाट पाहत बसलेला आंधळा दाखवायची. त्यानेही कोणी बधत नव्हतं, फक्त शिव्या कमी व्हायच्या.

त्या दिवसांत वॉर्डात कारंज्याच्या एका किराणा दुकानदाराची आंधळी आई होती, सुमित्राबाई. धुरपता तिची वेणीफणी करायची, हाताला धरून मोरीवर न्यायची. म्हातारीला एकदा नातवाचं तोंड पाहायचं होतं, आणि ते ती दिवसातून चारदा सांगायची. धुरपताने दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. वॉर्डात हे कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. घरी जय भीम आणि दवाखान्यात नमस्कार, असं तिचं चालायचं.

एका सकाळी सिंदी मेघे गावच्या रामाजीची बायको भागीरथा दम्याने गेली. रामाजी जिनिंगमध्ये मजूर होता. धुरपता त्याच्याजवळ जाऊन बसली आणि नेहमीप्रमाणे शिव्यांची तयारी ठेवून तिने विचारलं.

"दीक्षा घेतली तवापासून पुढच्या जन्माचं झंझटच नाई राह्यलं आमाले," तो म्हणाला. "घ्या."

तिला मिळालेला तो पहिला होकार. डॉक्टरसाहेबांनी डोळे काढले, बर्फात ठेवले. प्रेत घरी न्यायच्या आधी रामाजी म्हणाला, "कोणाले लावता, एकवार पाहू दे." धुरपताला कोण आनंद. सवयीने ती त्याला वॉर्डात घेऊन गेली.

सुमित्राबाईच्या खाटेपाशी उभं राहून रामाजीने हात जोडले. "जय भीम, मायबाई. आमच्या भागीरथाचे डोये जपजो."

म्हातारीचा मुलगा प्रभाकरराव शेजारीच बसला होता. रामाजीची पाठ वळताच त्याने वळकटी बांधायला घेतली. "आईला घरी न्यायचंय. सध्या दिवस चांगले नाहीत," एवढंच कारण. डॉक्टरसाहेबांनी समजावलं, मग ते चिडले, शेवटी त्यांनी हात जोडले. "मले दिसू दे ना रे, पोरा," असं म्हातारी म्हणत होती. तिचं कोण ऐकतो? दुपारच्या मोटारीने तो तिला घेऊन गेला. इतकी चीड मला आयुष्यात क्वचितच आली असेल.

नालवाडीचा आंधळा लहानू यादीत होता, म्हणून त्याच्याकडे माणूस धाडला. तो बहिणीच्या गावी गेलेला. दोन दिवसांत डोळे गढूळ झाले. दवाखान्यामागे खड्डा करून धुरपतानेच ते पुरले.

आठवड्याने रामाजी आला. अंगात धुतलेला सदरा होता. "मायबाईले दिसून राह्यलं का?" त्याने विचारलं.

मी काहीतरी गोड थाप मारणार होतो. धुरपताने मला हाताने थांबवलं आणि त्याला पायरीवर बसवून सगळं सांगितलं, खड्ड्यापर्यंत.

"म्हंजे म्या राम राम केला असता, त लागले असते?"

"लागले असते," ती म्हणाली. मग खाली पाहत म्हणाली, "मी बी इथं जय भीम म्हनत नाई, भाऊ. तुले सांगाचं राह्यून गेलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रामाजी रागावला नाही. त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मंग मी मेलो का माह्ये घेजो," तो म्हणाला. "तवा मी काई बोलणार नाई."