चोविसावी

बाईंनी परदेशी जायचं स्वप्न तिशीत पाहिलं आणि प्रत्यक्षात गेल्या त्या साठीला एक वर्ष उरलेलं असताना, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. शाळेत एकतीस वर्षं गाणं शिकवलं, त्यातली तेवीस वर्षं मुलांचा गायनवृंद चालवला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा सगळी शाळा नाचली, आणि बाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता एवढे फॉर्म कोण भरणार.

फॉर्म अर्थात त्यांनीच भरले. संमतिपत्रं, फोटो, लसीचे दाखले, आणि वर रोज कुणाच्या तरी आईचा फोन, की आमच्याला विमानात खिडकीची जागा मिळेल ना. बाईंच्या नाकी नऊ आले. घरी ह्यांनी विचारलं, "एवढा जीव मेटाकुटीला येतोय तर जातेस कशाला?" बाईंकडे उत्तर होतं, पण ते द्यायचाही त्यांना कंटाळा आला होता.

स्पर्धेचा नियम असा, की मंचावर किमान चोवीस जण हवेत. बाईंनी सव्वीस निवडले होते. दोघांना व्हिसा मिळाला नाही. उरले मोजून चोवीस, आणि त्यातली चोविसावी म्हणजे मूकपट.

मूकपट हे नाव पोरांनी ठेवलेलं. सतरा वर्षांची उंच, शांत मुलगी. अकरा वर्षांची असताना ती वृंदात यायचं म्हणून चाचणीला आली, तेव्हा सूर एकीकडे आणि ही भलतीकडेच. शाळेचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता, रडणाऱ्या मुलीला नाही म्हणणं बाईंच्या जिवावर आलं. त्या म्हणाल्या, "तू सध्या नुसते ओठ हलव हं. आवाज नको." ही आठ दिवसांची तजवीज होती. कार्यक्रम झाला, त्याच्या पुढचा आला, त्याच्याही पुढचा आला, आणि ते 'सध्या' सहा वर्षं चाललं. बाईंनी तिला पुन्हा कधी ऐकलंच नाही. त्यात दुष्टावा नव्हता. सवड नव्हती, आणि खरं बोलायचं तर गरजही वाटली नव्हती, कारण पोरगी अतिशय कामाची. हजेरी तिच्याकडे, स्वरलिप्यांच्या प्रती तिच्याकडे, खोकल्याच्या गोळ्या आणि टाचण्यासुद्धा तिच्याचकडे. ओठ मात्र अशी हलवायची, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळं गाणं हीच ओढून नेतेय.

विमानात ती मुद्दाम जागा बदलून बाईंच्या शेजारी येऊन बसली. "बाई, तिथे तरी गाऊ का? मी घरी रोज गाते. आता जमतं, असं वाटतं मला."

"बघू," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मोठ्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे सतराव्या वर्षी कुणाला कळत नाही? तरी पोरगी "बरं" म्हणाली आणि बाईंच्या पायावर पांघरूण घालून परत गेली.

उतरायची सोय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात होती. एकावर एक पलंग, अख्ख्या मजल्याला दोन न्हाणीघरं, आणि जिना असा की बाईंना प्रत्येक पायरीला देव आठवावा. एकाची बॅग विमानतळावरच राहिली, एकीला घरच्या आठवणीनं रडू फुटलं, दोघांचे घसे बसले. बाईंनी सगळ्यांना गरम पाणी पाजलं, स्वतः प्यायच्या विसरल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच का, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

स्पर्धेच्या सकाळी बाई मंचामागच्या बोळात बाकावर बसून गुडघ्याचा पट्टा आवळत होत्या. मूकपट समोर येऊन उभी राहिली.

"बाई, एकदा ऐकून तरी घ्या. दोनच ओळी."

वेळ होता. चांगली दहा मिनिटं होती. पण बाईंच्या डोक्यात हिशेब भलताच चालला होता. पोरगी बेसूर निघाली तर ऐन वेळी तिचं तोंड पाडायचं. आणि सुरात निघाली तर? तर सहा वर्षं आपण काय केलं, ते मंचावर जायच्या आधी कळायचं. त्यापेक्षा नकोच.

"आजचा दिवस नुसते ओठच हलव गं, बाळा. एवढं पार पडू दे."

"बरं," मूकपट म्हणाली आणि जाऊन सगळ्यांच्या कॉलरी सारख्या करू लागली.

गाणं बरं झालं. फार चांगलं नाही, फजितीही नाही. अकरा वृंदांत नववा नंबर आला. मग रिवाजाप्रमाणे प्रत्येक वृंदाला एका खोलीत बोलावून परीक्षकांनी चुका सांगायच्या होत्या. यांच्या वाट्याला एक म्हातारे परीक्षक आले. त्यांचं इंग्रजी बोलणं मुलांना उमगेना, म्हणून ते एकेक वाक्य बोलत आणि बाई त्याचं मराठी करून सांगत. श्वास तोकडा पडतो. डावीकडचे घाई करतात. मुलं माना डोलवत होती. मग म्हाताऱ्यांनी दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभ्या मूकपटकडे बोट केलं आणि आणखी एक वाक्य बोलले.

खोटं सांगता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण बाई इतक्या थकल्या होत्या, की नवीन काही रचायचं त्राणच उरलं नव्हतं. त्यांनी शब्दाला शब्द सांगून टाकलं. "ते म्हणतायत, या मुलीकडे बघा. तुमच्यात मनापासून गात होती ती हीच एकटी."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मूकपटचे कान लाल झाले. तिनं म्हाताऱ्यांना मान लववून नमस्कार केला.

दुपारी ती वसतिगृहाच्या जिन्यावर बसून सगळ्यांच्या स्वरलिप्या नावाप्रमाणे लावत होती. बाई कठडा धरून तिच्याशेजारी टेकल्या. सकाळपासून त्यांना स्वतःचाच राग येत होता.

"समारोपाला सगळे वृंद मिळून गाणार आहेत. तू गायचंस. अगदी मोठ्यानं."

बाईंना वाटलं, पोरगी उडीच मारेल. तिनं हातातला कागद गठ्ठ्यात सरकवला.

"कुठला आवाज गाऊ, बाई?"

"म्हणजे?"

"वरचा, मधला की खालचा? चाचणीनंतर तुम्ही प्रत्येकाला त्याचा त्याचा आवाज देता ना. मला दिलाच नव्हता. म्हणून घरी मी तिन्ही गाते."

बाई उत्तर द्यायला गेल्या. बाकीच्या तेवीस पोरांचे गळे त्यांना पाठ होते. कोण कुठवर चढतो, कुणाचा आवाज कुठल्या महिन्यात फुटला, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. त्यांनी शेजारच्या मुलीकडे नीट पाहिलं.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या.