जळोचीचं लाउंज कुणाचं?

दारावरच्या मशीनला कार्ड लावलं की हिरवा दिवा लागायचा आणि कुलूप उघडायचं. त्या दुपारी निवृत्ती आबांनी कार्ड लावलं आणि लाल दिवा लागला. त्यांनी कार्ड शर्टाला पुसलं, परत लावलं. परत लाल.

मी आतून काचेतून बघत होते. आबांच्या दुसऱ्या हातावर त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी, सगळा भार टाकून उभ्या होत्या. मनगटाच्या वर पांढरी पट्टी. चेहरा फिकट पडलेला. त्यांच्या मागे आणखी दोन मेंबर आत यायला थांबले होते.

मी आतलं बटण दाबून दार उघडलं.

"मॅडम, मशीन बिघडलंय काय?" आबांनी विचारलं.

"असेल काहीतरी. तुम्ही आधी मावशींना आडवं करा."

मशीन बिघडलं नव्हतं. त्याच सकाळी पुण्याहून मेल आला होता.

मी या लाउंजची मॅनेजर होते. त्याआधी बरीच वर्षं हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला काम केलं होतं. टाइमशेअर हा प्रकार मलाही नवीनच होता, म्हणून आधी तो सांगते. टाइमशेअर म्हणजे सुट्टीची खोली वाट्यानं घेणं. खोली एकच, पण वर्षाचे आठवडे वाटून दिलेले. तुमच्या वाट्याचा आठवडा दरवर्षी तुमचा. आमच्या कंपनीची रिसॉर्टं कोकणात आणि महाबळेश्वरच्या बाजूला होती. बारामती-इंदापुरात काहीच नव्हतं. मग इथल्या माणसानं मेंबर का व्हावं? म्हणून कंपनीनं बारामतीला लागून असलेल्या जळोचीत, रस्त्यावरच, मेंबरांसाठी लाउंज काढलं. एसी हॉल, सोफे, चहा-कॉफी, स्वच्छ बाथरूम आणि मागे आडवं व्हायला दोन लहान खोल्या. सेल्सची पोरं गावोगाव एकच वाक्य बोलत फिरली, "काका, बारामतीला आलात की हे तुमचंच घर."

लोकांना ते पटलं. कोकणात माणूस वर्षातून एकदा जाणार. बारामतीला मात्र आठवड्याला काम निघतं. कोणाची कोर्टाची तारीख, कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाचा दवाखाना. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका पिशव्या आमच्याकडे ठेवून परत बाजारात जायच्या. आठवडा कागदावर होता, वापरात लाउंज होतं.

आबा भवानीनगरचे. कारखान्यात साखर शिजवायच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून त्यांनी आठवडा घेतला. दोनदा दाखवलाही. मग मावशींच्या पायावर सूज आली, तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून बारामतीला डायलिसिस सुरू झालं.

डायलिसिसमध्ये मशीन रक्त साफ करतं आणि अंगात साचलेलं पाणी ओढून काढतं. चार-चार तास खाटेवर पडून राहायचं. त्यानंतर बीपी उतरतं, पायात गोळे येतात, डोकं गरगरतं. दवाखान्यात पुढचा पेशंट उभाच असतो, त्यामुळे खाट लगेच रिकामी करावी लागते. मावशींना त्या अवस्थेत गाडीत बसवलं की भवानीनगर येईपर्यंत उलट्या व्हायच्या. लाउंजच्या मागच्या खोलीत दोन तास पडल्या की मात्र त्या उठून बसायच्या, अर्धा कप चहा घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "पोरी, आता जाती बघ मी चालत."

एकदा मी विचारलं, "मावशी, बारामतीत तुमचे पाहुणे आहेत ना? तिकडे नाही का जात?"

"हाईत की. पन आजारी मानूस किती येळा जानार? हितं मी कुनाची पाव्हनी न्हाय. हितं आमचं हाय."

त्या सकाळच्या मेलमध्ये असं होतं की आमची कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली आहे. जुने मेंबर यापुढे क्लासिक. जे जादा पैसे भरून वरच्या वर्गात जातील ते प्रीमियम. लाउंज फक्त प्रीमियमसाठी. अंमल आजपासून.

मावशी झोपल्यावर मी पुण्याला समीर सरांना फोन लावला. ते आमचे रिजनल हेड.

"सर, लोकांना आधी सांगायला हवं होतं. इथं दारात माणसं उभी आहेत."

"अॅपवर नोटिफिकेशन टाकलंय."

"निम्म्या लोकांकडे अॅप नाही."

"वैशाली, लाउंज राइट नाही, अॅमेनिटी आहे. अॅग्रीमेंट वाच."

मी वाचलं. सर बरोबर होते. आठवडा हा मेंबरचा हक्क म्हणून लिहिला होता. लाउंज, पोहण्याचा तलाव, मुलांची खेळायची खोली वगैरे 'सुविधा' या मथळ्याखाली होतं, आणि या सुविधा कंपनी कधीही बदलू किंवा बंद करू शकते, असं तिथंच सरळ लिहिलं होतं. अक्षर बारीक नव्हतं, भाषा अवघड नव्हती. सह्या सगळ्यांच्या होत्या. विकणाऱ्यानं तोंडानं सांगितलेलं लोकांना पुरेसं वाटलं होतं, इतकंच.

आजारी मेंबरांना सवलत द्यावी असा मेल मी त्याच दिवशी पाठवला. मावशींचं नाव, आजार, दवाखान्याचे वार, सगळं लिहिलं. उत्तर येईपर्यंत आतलं बटण दाबून दार उघडत राहिले. माझ्या ड्यूटीत ते मला शक्य होतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी दार उघडायची जबाबदारी मी सिक्युरिटीवाल्यावर ढकलू शकत नव्हते. त्याला बिचाऱ्याला लेखी ऑर्डर होती.

लोक चिडले. एकमेकांना फोन झाले आणि एका रविवारी पंधरा-वीस मेंबर लाउंजच्या बाहेर जमले. समीर सरांना पुण्याहून यावंच लागलं. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, चहा दिला. मेंबरांच्या बाजूनं सांगवीच्या मंदाताई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांची टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची शेती, व्यापाऱ्यांशी रोजचा संबंध. आवाज खणखणीत.

"साहेब, आमी आठवडा बघून पैसं भरलं न्हायती. आमी ही जागा बघून भरलं. तुमच्या पोरानं ह्याच सोफ्यावर बसवून सही घेतली माजी."

"ताई, तुमचा आठवडा कुठेही गेलेला नाही. तो शंभर टक्के सेफ आहे."

"आठवड्याचं कोन इचारतंय? लाउंज आमचं हाय का न्हाय, तेवढं सांगा."

सर म्हणाले, "नाही. कधीच नव्हतं. ते आम्ही देत होतो."

इतकं सरळ उत्तर मिळेल असं कोणाला वाटलं नसावं.

मागच्या रांगेत मावशींच्या शेजारी बसलेले आबा उठले. "साहेब, मला सोफा नको, चहा नको. डायलिसिस झाल्यावर हिला घटकाभर टेकायला मिळंल का? तेवढंच इचारतो."

"आबा, तुमची केस वर पाठवली आहे. पण नियम एकाला मोडला की सगळ्यांना मोडावा लागतो. तुम्ही प्रीमियम का करून घेत नाही? लगेच अॅक्सेस सुरू होईल."

आबा तयार होते. ते मावशींकडे वळले. मावशींनी पदर सावरला आणि हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एकदा घेतलं ते आपलं झालं न्हाय. दुसऱ्यांदा घिऊन कसं हुईल?"

मंदाताईंनी आणि आणखी काहींनी मात्र प्रीमियम करून घेतलं. त्यांची गावाहून रोजची ये-जा होती, त्यांना जागा हवीच होती. मी कोणाला करा म्हटलं नाही, करू नका असंही म्हटलं नाही. मला स्वतःलाच पुढचं काही माहीत नव्हतं.

जाताना सरांनी मला बाजूला घेतलं. "आतल्या बटणानं उघडलेलं प्रत्येक दार पुण्याला सिस्टिममध्ये दिसतं. मी आजपर्यंत बोललो नाही. आता ते बटण बंद करतोय."

"आणि त्या पेशंटच्या मेलचं काय झालं सर?"

"फॉलोअप करतो."

दुसऱ्या दिवशी बटण चालेना.

माझं घर लाउंजपासून जवळच, तळमजल्यावर. मी आबांना म्हटलं, डायलिसिस झालं की सरळ माझ्याकडे या, माझ्या सासूबाई घरीच असतात. ते तीन-चार वेळा आले. सासूबाईंनी मावशींसाठी आतल्या खोलीत गादी घातली. एका दिवशी मावशींना त्या गादीवरच उलटी झाली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं सगळं धुतलं. पण मावशींच्या मनाला ते लागलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी फोन केला तर आबा म्हणाले, "ती न्हाय म्हनती मॅडम. परक्याच्या घरात घाण केली म्हनून रडत हुती."

मग ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसायला लागले. तिथं पाठ टेकत नाही, पाय वर घेता येत नाहीत. एकदा गाडीत चढताना मावशींना चक्कर आली आणि पायरीवर गुडघा फुटला. त्या धसक्यानं त्यांनी एक वार चुकवला. मग आणखी एक. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साचतं हे त्यांना ठाऊक होतं. आबा समजावायचे, मीही फोनवर समजावलं.

"मावशी, असं करू नका. जीवाशी खेळ आहे हा."

"पोरी, मशीनचं काय न्हाय गं. त्यानंतरचं सोसत न्हाय."

एका पहाटे त्यांना श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी झालं होतं. आबांनी शेजाऱ्याच्या गाडीतून बारामतीला आणलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लाउंज बंद झालं म्हणून मावशी गेल्या, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणणार नाहीत. हा आजारच असा की कधी ना कधी माणूस थकतो. पण त्या ज्या कारणानं थकल्या, ते कारण दोन तास आडवं पडण्याइतकं लहान होतं.

मी भवानीनगरला भेटायला गेले. आबा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी खुर्ची आणायला सांगितली.

"मॅडम, तुमचं काय बी चुकलं न्हाय," ते म्हणाले. "पन एक सांगतो. पैल्या दिशी लाल दिवा लागला ना, तवा ही माझ्या कानात म्हनली, चला हितनं, लोक बघत्यात. जनू आमी चोरून शिरत हुतो."

सवलतीच्या त्या मेलला आजतागायत उत्तर आलेलं नाही.

पुढे माझी नोकरी सुटली. मावशींच्या दुःखानं सोडली असं सांगायला बरं वाटेल, पण खरं कारण वेगळं आहे. नव्या कंपनीला त्या गावात लाउंजच नको होतं. वर्षाच्या आत त्यांनी ते सगळ्यांसाठी बंद केलं, प्रीमियमवाल्यांसाठीसुद्धा, आणि माझी जागाच उरली नाही. मंदाताई चिडून मला म्हणाल्या, "मावशी शानी निघाली. आमी दोन डाव फसलो." आता त्या जागेत कोचिंग क्लास चालतो.

मेंबरांनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली. सेल्सवाले काय सांगून विकत होते, ते मी तिथं जाऊन सांगितलं. कंपनीच्या वकिलानं मला विचारलं, "हे कुठे लिहिलेलं दाखवाल?" दाखवता आलं नाही. बऱ्याच तारखांनंतर निकाल लागला. आगाऊ सूचना न देता सोय बंद केली ही कंपनीची चूक ठरली, त्यापोटी थोडीफार भरपाई मिळाली. लाउंज परत सुरू करायचा आदेश मिळाला नाही. जे देण्याचं करारात बंधनच नव्हतं, ते द्यायला लावता येत नाही, असं आमच्या वकिलांनी समजावलं. आबा त्या दिवशी आले नव्हते. त्यांनी तक्रारीवर सहीच केली नव्हती.

मी आता इंदापुरात एका हॉटेलला काम करते. तिथंही कधी कधी टाइमशेअर घेतलेली माणसं उतरतात. मी आधी कुठे होते हे कळलं की विचारतात, "मॅडम, आम्हाला लाउंज दिलंय. ते कायम राहील ना?"

मी सांगते, अॅग्रीमेंट काढा. लाउंज हक्कात लिहिलंय की सुविधांत ते बघा. सुविधांत असेल तर जोवर उघडं आहे तोवर वापरा, पण त्याच्या भरवशावर घरातल्या कुठल्याही माणसाची गरज बांधू नका. बहुतेक जण मान डोलावतात आणि म्हणतात, "पण आम्हाला विकणाऱ्या माणसानं तर कायमचं म्हणून सांगितलंय."

त्यांना मी एवढंच विचारते की तो माणूस अजून त्या कंपनीत आहे का. आजवर एकालाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं.