आतोबांचं नाक आणि गावाचा उकिरडा

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्या नाकासारखं नाक अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरं नव्हतं, आणि त्या नाकाबरोबर संसार केल्याबद्दल सरकारने माझ्या आत्याला काहीतरी द्यायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. चुलीवरच्या झाकलेल्या पातेल्यातला भात जुना की नवा, हे ते ओटीवरून सांगत. एका लग्नात पंगतीला बसल्या बसल्या त्यांनी बासुंदी लागल्याचं जाहीर केलं, तेव्हा बासुंदीवरचं झाकणही निघालं नव्हतं. ती खरोखरच लागलेली निघाली आणि मुलीच्या आईने पुढे वर्षभर आत्याशी अबोला धरला. मी त्यांच्या गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा माझी ट्रंक उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, आईने मेतकूट दिलंय ते शेजारी वाटायचं की आपल्यालाच? मेतकुटाची पुडी चार लुगड्यांच्या खाली होती. आत्या म्हणाली, या माणसापासून मी पस्तीस वर्षांत एक गोष्ट लपवू शकले नाही.

आमचं गाव कर्जत-कशेळे रस्त्याला लागून. सत्तरच्या दशकात तिथला आठवड्याचा बाजार फुगला आणि त्याची घाण नदीकाठी पडू लागली. एका पावसाळ्यात घरोघरी जुलाब-उलट्या झाल्या, दोन लहान मुलं गेली, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं की उकिरड्याला दुसरी जागा बघा. उन्हाळ्यात देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. उकिरडा हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. फक्त तो दुसऱ्याच्या बांधाला हवा होता. सरपंचांनी गावाच्या पश्चिमेचा माळ सुचवला. आतोबा उठले आणि म्हणाले की तिकडचा वारा सरळ गावात शिरतो. लोक हसले. सरपंच म्हणाले, "नाक तुमचं हाय, गावाचं नाय." निर्णय पुढच्या सभेवर गेला.

आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, गवत रचून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर रोपं मरतुकडी येतात. त्या वर्षी आतोबांनी आपला सगळा राब, वर्षभर जमवलेला, तीन बैलगाड्यांतून माळावर नेला, सभेच्या दिवशी दुपारी पेटवला आणि मंडपात येऊन मुकाट बसले. आत्या कपाळाला हात लावून बसली होती. अर्ध्या तासात मंडपात धूर भरला. सरपंचांना ठसका लागला, अंगणातल्या कुरडया काळ्या पडल्या, माझ्या इतिवृत्ताच्या वहीलाही तो वास कितीतरी दिवस होता. माळ रद्द झाला, आणि तुम्हीच जागा दाखवा म्हणून गावाने आतोबांना पुढे घातलं. ते नाक वर करून दोन तास हिंडले आणि पूर्वेच्या उतारावर थांबले. इथला वारा डोंगराला जातो, कोणाच्या घरात जात नाही, असं म्हणाले. सगळ्यांचे हात वर झाले आणि मी लिहिलं, एकमताने मंजूर. लोकांनी आतोबांना नवरदेवासारखं मिरवत घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उताराखालच्या ठाकूरवाडीतली एक म्हातारी दारात आली. हातात पाण्याने भरलेलं मडकं. तिने ते ओटीवर, आतोबांच्या पुढ्यात ठेवलं.

"हुंग," ती म्हणाली.

आतोबांनी हुंगलं. वास नाही म्हणाले.

"आमच्या डवऱ्याचं हाय. पावसात त्या उतारावरचं पानी आमच्याच वहाळाला येतं. पाऊस लागला की मंग परत हुंगाया ये."

वहाळाच्या वाळूत खणलेला तो खड्डा, डवरा, हेच वाडीचं पिण्याचं पाणी. आतोबांनी वारा बघितला होता, पाणी बघितलं नव्हतं. सभेची दवंडी बाजारपेठेत पिटली, देवळापाशी पिटली, वाडीवर कोणी गेलंच नाही, आणि हे मलाही सुचलं नव्हतं. एकमताने असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. याची लाज मला अजून वाटते. आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्याने मुद्दाम कांदा परतला, तरी नाकाने दाद दिली नाही.

संध्याकाळी ते सरपंचांकडे जाऊन परत सभा मागून आले, आणि वाडीवर दवंडी द्यायला स्वतः गेले. काल ज्यांनी मिरवलं त्यांनीच वाटेत तोंड फिरवलं. पाऊस जवळ येत होता, जागा ठरली नाही तर घाण पुन्हा नदीतच जाणार होती, आणि त्या दोन मुलांना कोणी विसरलेलं नव्हतं. सभेला मंडप गच्च भरला. वाडीची माणसं पायरीवर बसली. वर या म्हटलं तरी येईनात. सरपंचांचा आवाज चढला. तुम्हीच जागा दाखवलीत, तुम्हीच नको म्हणता, मग टाकायचा कुठे? मागून कोणीतरी ओरडलं, पायरीवरचे हात मोजायचे नाहीत.  

आतोबा माझ्याकडे वळले. "लिही पोरी. पयले पायरीवरचे हात मोज."

उतार नको म्हणून वर झालेले पायरीवरचे हात मी उठून मोजले. कोणी अडवलं नाही. मग मंडपातलेही काही हात वर आले, हळूहळू निम्म्याच्या पुढे गेले आणि उतार रद्द झाला. पण कुठे, हा प्रश्न तसाच होता.

"माझ्या घरामागची वरकस जमीन घ्या, तशीबी पडीकच हाय," आतोबा म्हणाले. "तितलं पानी माझ्याच खाचरात मुरतं. वारा माझ्याच घरात येतो. दुसऱ्या कोनाकडं जात नाय."

बायकांच्या बाजूला आत्या बसली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि सरपंचांना म्हणाली, खड्डा खोल खणा, आणि दर गाडीवर माती टाका, नाहीतर मी गाड्या परत पाठवीन. घरी गेल्यावर मात्र ती आतोबांशी आठ दिवस बोलली नाही.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी मे महिन्यात गेले, तेव्हा अंगणात पाय ठेवताच मी पदर नाकाला लावला. आतोबा ओटीवर बसले होते, बरेच वाळले होते. माझा पदर त्यांनी पाहिला.

"आज वारा पडलाय," ते म्हणाले. "कायच वास नाय."

दोरीवरची आत्याची लुगडी वाऱ्याने फडफडत होती. मी पदर खाली घेतला आणि त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने वाडीवरच्या त्या म्हातारीची सून मडकं घेऊन आली. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर सोमवारी डवऱ्याचं एक मडकं या ओटीवर यायचं ते चुकलं नव्हतं. आतोबांनी मडकं दोन्ही हातांनी उचललं, त्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

"कायच वास नाय," ते म्हणाले, आणि मडकं माझ्यापुढे केलं. मी हुंगलं. खरंच नव्हता.