अळणी भाजी आणि चहाबरोबरची गोळी

मिस्त्रीच्या बायकोनं महिनोन्महिने अळणी भाजी रांधली आणि वर बोलणीही खाल्ली. नवऱ्याचं ब्लडप्रेशर काही केल्या उतरत नव्हतं, आणि घरात रांधणारी तीच, मग खापर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फुटणार? नणंद दर रविवारी यायची, घास तोंडात घोळवायची आणि म्हणायची, “मला तर मीठ लागतंय बाई.” लागेल नाही तर काय. जिभेला हाड नाही ना तिच्या.

मिस्त्री यावर ब्रसुद्धा काढत नसे. खाली मान घालून जेवायचा. त्याचे वडील याच दुखण्यानं गेले होते, कोणाच्या तरी घरी कपाट बसवता बसवता. त्यामुळे त्याला यायला जरा उशीर झाला की ही दारात येऊन उभी राहायची. हल्ली तर तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. चुकून हात मिठाच्या बरणीत जातो की काय, म्हणून तिनं बरणीच वरच्या फळीवर ठेवून दिली.

इकडे मिस्त्री कामाला होता त्या फर्निचरच्या कारखान्यात सगळा भुशाचा कारभार. लाकूड घासायचं मशीन सुरू झालं की सगळ्यांची नाकं चोंदायची. म्हणून तिथली जुनी रीत अशी, की सकाळच्या चहाबरोबर प्रत्येकानं एक सर्दीची गोळी घ्यायची. गोळ्या खिळ्यांच्या डब्याशेजारी असायच्या आणि वाटायचा मान मिस्त्रीचा, कारण सगळ्यांत जुना तो. ती गोळी कोणी औषधात धरतच नव्हतं. बायकोला तर यातलं काही ठाऊकच नव्हतं.

परवा ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. प्रेशर पुन्हा वरच. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी हिच्याकडेच पाहिलं.

“जेवणात मीठ?”

“नाही हो. माझ्या हातची भाजी एकदा खाऊनच बघा,” ती म्हणाली.

“दुसरं काही औषध चालू आहे?”

“छे,” मिस्त्री म्हणाला, आणि बाई जास्त ताकदीची गोळी लिहायला लागल्या. तेवढ्यात त्याला शिंकांवर शिंका आल्या. या पठ्ठ्यानं खिशातून पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि वर बाटलीतलं पाणी प्यायला. बाईंचं पेन थांबलं.

“ते काय घेतलंत?”

“सर्दीची आहे. रोजची.”

बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “अहो, नाक मोकळं करणारं हे औषध रक्तवाहिन्या आवळतं. त्यानं प्रेशर चढतं. मी उतरवायला गोळी देतेय आणि तुम्ही रोज चढवायची घेताय. ही आजपासून बंद. कामावर मास्क लावा. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्यानं धुवा, आणि दुकानातून काहीही घेताना आधी प्रेशरचं सांगा.”

म्हणजे पोटात मीठ चालत नाही, नाकात चालतं. एरवी ती खदखदून हसली असती. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घरी आले तर नणंद दारातच. मिस्त्रीनं चप्पल काढता काढता कारखान्यात गोळ्या वाटण्यापासून सगळं सांगून टाकलं, जणू कोणा शेजाऱ्याचीच गोष्ट. नणंद म्हणाली, “बरं झालं बाई, वेळेवर कळलं.” तोही म्हणाला, “हो ना. जाऊ दे आता.”

“काय जाऊ दे?” बायकोनं पिशवी टेबलावर आपटली. “तुम्ही तिथं गोळ्या वाटत होतात आणि इथं मी बोलणी खात होते. एका शब्दानं म्हणालात का कधी, की ताई, तिला बोलू नकोस?”

नणंद पदर सावरायला लागली.

“उद्या तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर ताई चारचौघांत म्हणाल्या असत्या, बायकोनं मीठ घालून मारलं.” तिनं वरच्या फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवलं. “आणि मीही ते खरं मानलं असतं.”