तिसरी वॉर्निंग

आईशपथ सांगतो भिया, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे गोष्टी खऱ्या, शब्द माझे. एखादी जराशी ताणली पण असेल. पण दिव्यांगता हा विषय घेऊन घरबसल्या ऑनलाइन बीए करायला लागलं ना, की किस्से शोधावे लागत नाहीत. ते लिंक पाठवून बोलावतात.

मी देवासचा, कुबड्यांवर चालतो. वैदेहीताई धारची, तिला जन्मापासून दिसत नाही. बॅच एकच, पण टेन्शन तिचं मोठं. धारजवळच्या तिरल्याची एक शाळा तिला टीचर म्हणून घ्यायला तयार होती, यंदा पास झाली तर. पुढच्या वर्षापर्यंत जागा थांबणार नव्हती.

*

यंदाची पहिली असाइनमेंट: डोळ्यांना पट्टी बांधून एक दिवस काढा आणि अनुभव लिहा. सगळ्यांना कंपल्सरी. ताईनं इमानदारीत पट्टी बांधली, दिवसभर घरात वावरली आणि लिहिलं, "काही फरक जाणवला नाही."

मार्क कापले. शेरा आला, "अनुभव में गहराई नहीं है."

आता अजून किती खोल जाऊ, असं तिनं मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, "पट्टी डबल बांधायची होती." ती हसली नाही. ते मार्क फायनलमध्ये धरणार होते.

*

माझ्या वाट्याला सर्व्हे आला. एका सरकारी ऑफिसात रॅम्प आहे का, ते बघायचं. होता ना! रेलिंगवाला, एकदम मस्त. फक्त चार पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होता.

तिथले बडे बाबू मला समजावत होते, "भिया, एवढं चढून या, पुढे काहीच तकलीफ नाही."

मी खालूनच फोटो काढला. माझे पण मार्क कापले. रॅम्प नीट दिसत नाही म्हणे.

*

मग मॉक टेस्ट. पेपर घरूनच, पण लॅपटॉपचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांवर नजर ठेवणार. स्क्रीनवरून नजर हटली की वॉर्निंग. तिसऱ्या वॉर्निंगला पेपर बंद.

ताईचा कॉम्प्युटर प्रश्न वाचून दाखवतो, ती ऐकून टाइप करते. तिची बुबुळं आपल्या मर्जीनं फिरतात. पहिला प्रश्न वाचून व्हायच्या आत मॉक बंद!

तिनं कंप्लेंट टाकली. उत्तर आलं, ते फोटोत. कॉम्प्युटर नुसता "चित्र, चित्र" म्हणत राहिला. शेवटी तिनं तो मला पाठवला, मी फोनवर वाचून दाखवलं: चित्रात दाखवल्याप्रमाणे बसावे.

त्या दिवसापासून ताईचं जेवण सुटलं. म्हणाली, "लोक नापास व्हायला घाबरतात. मला तर नापास होईपर्यंत बसू पण देणार नाहीत."

*

फायनलचा पेपर मी धारला तिच्याच घरून दिला. माझी पाळी सकाळची, तिची दुपारची. मला विचार करताना छताकडे बघायची सवय, म्हणून दोन वॉर्निंग मिळाल्या. आणि माझे डोळे चांगले आहेत.

ताईची आई, म्हणजे काकू, दर नवरात्रात देवासच्या टेकरीवर देवीला चांदीचे डोळे वाहतात. ताईसाठी नवस. यंदाची जोडी देवघरात तयार होती, मोठाले डोळे, काळ्या बुबुळांचे. मी गमतीत म्हटलं, काकू, हेच ताईच्या काळ्या गॉगलवर चिकटवा.

काकू गमाची ट्यूब घेऊन आल्या.

ताई भडकली. "आई, तीन वर्षं मी हेच शिकतेय की मला दुरुस्त करू नका. आणि तू मला नवसाचे डोळे लावतेस?"

"आधी पास हो, मग भांड."

पेपर सुरू झाला. दहा मिनिटांत दोन वॉर्निंग. ताईनं निमूट तो डोळेवाला गॉगल चढवला. कॅमेरा गप्प.

खोलीत एकच माणूस चालतो, म्हणून काकू आणि मी उघड्या दाराबाहेर. शेवटचा प्रश्न राहिला होता, तेवढ्यात कॉम्प्युटर बोलला, "कृपया पलकें झपकाएँ, अन्यथा परीक्षा समाप्त कर दी जाएगी."

ताईची बोटं थांबली. हळूच म्हणाली, "आई, आता?"

काकूंनी देवघराकडे बघून हात जोडले होते. "मला काय विचारतेस? तिला विचार."

लाइट गेली नव्हती. काकू जागच्या हलल्या नव्हत्या. गॉगल होता तसाच होता, मी बघत होतो.

कॉम्प्युटर म्हणाला, "धन्यवाद. परीक्षा जारी रखें."

ताई आता तिरल्याला शिकवते.

असा काय बघतोस भिया? कचोरीवाला कधीचा उभा आहे. पैसे दे.