साळूचा काटा

लिहिण्याच्या टाकांच्या डब्यात आज साळूचा, म्हणजे साळिंदराचा, काटा सापडला. तो मिळाला तेव्हा मी मोजणी खात्यात होतो, लग्नाला वर्ष झालं होतं आणि आमची राहुटी कार्ल्याच्या डोंगराखाली होती. एका पहाटे करकर आवाजाने जागा झालो, तर साळू माझी घामट वहाण कुरतडत होती. मी काठी उचलली.

“मारू नका, रावसाहेब,” दारातून वाटाडे आबा म्हणाले. काटे खुळखुळवत ती झुडपात गेली. मागे गळलेला एक काटा आबांनी धोतराला पुसून मला दिला.

“तुमच्यात पहिलटकरणीचा भांग ह्येनंच पाडत्यात न्हवं? ऱ्हाऊ द्या. लागंल घरी.”

मी लाजलो आणि दिवसभर वहाणेबद्दलच कुरकुरत राहिलो.

घरी त्याची गरज कधी पडली नाही. हिने तो बरीच वर्षं कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला होता. मग एक दिवस माझ्या टाकांच्या डब्यात टाकला.